पहिली हाफ, हातात अकरा आठवडे: सुरुवातीला हळू कसं पळायचं?

कडुलिंब | २६ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचेत आणि मी नाशिकच्या जानेवारीतल्या हाफ मॅरेथॉनला, म्हणजे २१ किमीला, नाव देऊन बसलेय. ११ जानेवारी, म्हणजे बरोब्बर अकरा आठवडे. स्पर्धेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागे असाच एक धागा आयोजकांवर घसरला आणि शेवटी त्याला कुलूप लागलं.

माझी माहिती: वय ४३, वजन ६२ किलो, नोकरी बैठी, मुलगा दहावीत. दीड वर्षापूर्वी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला लागले, मग चालता चालता थोडं पळायला. ऑगस्टमध्ये १० किमी १ तास १२ मिनिटांत झाले, म्हणजे किमीला ७:१२. आठवड्यात तीन दिवस जमतं, चौथा कधीमधी.

आता आजचा पराक्रम. १२ करायचे म्हणून सावरकरनगरहून निघाले, सोमेश्वरच्या पुढे जाऊन परत असा बेत. आनंदवल्लीला चार-पाच जणांचा एक ग्रुप भेटला, सगळे एकाच रंगाच्या टीशर्टात. लागले त्यांच्या मागे. पहिले तीन किमी दर किमीला ६:१५ मिनिटांनी गेले आणि खोटं कशाला बोलू, काय भारी वाटत होतं! सहाव्याला ग्रुप दिसेनासा झाला. नवव्याला मी एका बंद टपरीच्या फळकुटावर बसले होते. कानात ठोके, बोटं गार, समोर एक कुत्रं बसून माझ्याकडे बघत होतं. नवऱ्याला फोन केला आणि ॲक्टिव्हावर मागे बसून घरी आले. मुलाने विचारलं, "आई, १२ झाले?" मी म्हटलं, झाले, नऊ पळून आणि तीन स्कूटरवरून.

सुरुवातीला हळू पळायचं असतं हे मला कळतं हो. पायांना ते कसं कळवायचं? आणि १२ ला ही गत, तर २१ चं काय?

---

रिटायर्डहर्ट | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

कडुलिंबताई, पहिल्यांदा अभिनंदन. फळकुटावर बसण्याचा मान आम्हा सगळ्यांना कधी ना कधी मिळालेला आहे.

मी ६४ वर्षांचा, पळायला लागलो ५६ व्या वर्षी. माझं एकच यंत्र आहे: सतराचा पाढा. पळताना मोठ्याने म्हणायचा. मनात नाही, मोठ्याने. एका श्वासात दोन ओळी सलग निघाल्या तर वेग बरोबर. एक ओळ म्हणून दम घ्यावा लागला तर जास्त होतोय. "सतरा साते" म्हणून पुढचं आठवायलाच तयार नसेल डोकं, तर थांबून चालायला लागा. इंग्रजीत याला टॉक टेस्ट म्हणतात, पण बोलायला सोबत लागते आणि पहाटे साडेपाचला सोबत कोण देणार? पाढ्याला सोबत लागत नाही. गोदापार्कवर लोक वळून बघतात, बघू द्यावं.

आठवड्यातली तुमची तीनपैकी दोन पळणी तरी अशी पाढा म्हणत झाली पाहिजेत. लाज वाटेल इतकी हळू.

---

अनवाणी | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

घड्याळ काढून ठेवा. ६:१५ आणि ७:१२ मध्येच सगळा घोळ आहे. आपले आजोबा-पणजोबा त्र्यंबकला पायी जायचे, त्यांच्या मनगटावर काय होतं? शरीराचं ऐका.

---

पुणेरी_टोमणा | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

@अनवाणी, त्यांनी शरीराचंच ऐकलं की. शरीर म्हणालं "काय भारी वाटतंय", आणि मग टपरी.

जाता जाता: "हाफ मॅरेथॉन" बरोबर, पण हल्ली लोक "५ किमीची मॅरेथॉन" म्हणतात ते थांबवा. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किमी. ते अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पळाले आणि १९२१ मध्ये कायमचं ठरलं. पाव किलोच्या पुड्याला पोतं म्हणत नाही ना आपण?

---

तर्री_जास्त | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:३१

आला, आला, ४२.१९५ वाला आला. मी वाटच बघत होतो. :ड

---

वाटीवाला | २७ ऑक्टोबर, दुपारी २:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. टोपणनाव गुडघ्याच्या वाटीवरून.

अनवाणी म्हणतात त्यात एक अडचण आहे. "शरीर" ही एक वस्तू नाही. हृदय आणि फुफ्फुसं पाच-सहा आठवड्यांत सुधारतात. तुम्हाला वाटतं, दम लागत नाही, चला वाढवू. पण टाचेमागची शीर, नडगीचं हाड, पावलाखालचा पट्टा यांना तयार व्हायला महिने लागतात. पहिल्या हाफच्या तयारीत माणसं जायबंदी होतात ती बहुधा याच फटीत. दम आहे, पण पायाखालचं सामान अजून कच्चं आहे.

म्हणून तीन गोष्टी. चाळिशी उलटलेली आहे, तेव्हा एकदा डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, ईसीजी बघून घ्या. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर ते आवर्जून सांगा. दुसरं, घरातल्या जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, सावकाश, पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. दात घासताना केलंत तरी चालेल. तिसरं, दुखलं म्हणून गोळी घेऊन पळायचं नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊन घाम गाळत लांब पळणं मूत्रपिंडांना महागात पडू शकतं, आणि दुखणं झाकल्यामुळे पाय काय सांगतोय तेही कळत नाही.

---

अंजनेरी | २७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

कडुलिंब, मी सहा हाफ केल्यात. पहिली मुंबईला, जिथे पेडर रोडचा चढ नेमका शेवटाकडे येतो आणि सी-लिंकवर उडवलेल्या सगळ्या रुबाबाचा हिशेब तिथे द्यावा लागतो. दोन साताऱ्याच्या, यवतेश्वरच्या घाटात. आता आकड्यांचं बोलू. अनवाणींनी कान झाकावेत.

पीट रिगेल नावाच्या अमेरिकन इंजिनियरचं एक सूत्र आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडी जास्त लागते, ती किती ते सांगणारं. १० किमीची वेळ साधारण २.२ ने गुण. तुझे ७२ मिनिटं म्हणजे २ तास ३९ च्या आसपास. पण हे सूत्र धरून चालतं की तू २१ साठी पुरेशी पळलेली आहेस. तू नाहीस अजून. म्हणून पहिल्या वेळी पाच-दहा मिनिटं वर टाकायची. २:४५ धर.

२:४५ म्हणजे सरासरी ७:४९. ती पहिल्या किमीपासून धरायची नाही. पहिले ५ किमी ८:०० ने, म्हणजे ४० मिनिटं. पुढचे १० किमी ७:५० ने. १५ ला तू १ तास ५८ वर असशील. उरलेले सहा ७:४० ने आलीस तरी २:४५ जमतात, पाच-दहा सेकंद इकडेतिकडे. आणि तो ८:०० तुला इतका हळू वाटेल की तुला स्वतःचाच राग येईल. येऊ दे.

तयारी रविवारच्या लांब पळण्यावर उभी आहे. माझं गणित: १०, १२, १३, मग उतरून १०. पुढे १४, १६, पुन्हा १२. मग १८, १४, ८ आणि स्पर्धा. चढताना दोन पायऱ्या, मग एक पायरी खाली. २१ तयारीत करायची गरज नाही. १८ सावकाश झाले की उरलेले तीन त्या दिवशीची गर्दी ओढून नेते.

आणि ऐक, बायकांच्या भाषेतलं एक. हिमोग्लोबिन बघून घे. मी दोन महिने "माझ्यात दमच नाही" म्हणून रडत होते, ते ९.८ निघालं. गोळ्या सुरू केल्यावर तेच पाय, तोच रस्ता, पण फरक. कॅलेंडरही आत्ताच बघून ठेव. ११ जानेवारीला पाळी येण्याची शक्यता असेल तर एखादं रविवारचं पळणं मुद्दाम त्या दिवसांत कर, म्हणजे काय लागतं, काय टोचतं ते आधी कळतं.

---

कडुलिंब | २८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

अंजनेरी, तुझा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. मुलाने त्यावर पेन्सिलने गुणाकार तपासून "बरोबर" लिहिलं.

काका, आज संध्याकाळी गोदापार्कवर सतराचा पाढा. ८:२० च्या वेगाला दोन ओळी येतात, ७:३० च्या वेगाला एक. म्हणजे मी दीड वर्ष जे "हळू" समजत होते ते हळू नव्हतंच.

एक शंका. मधेमधे चाललं तर ती फसवणूक का?

---

रिटायर्डहर्ट | २८ ऑक्टोबर, रात्री ११:१०

छे. जेफ गॅलोवे, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेला माणूस, त्याने आयुष्यभर लोकांना पळा-चाला हेच शिकवलं. मी सगळ्या हाफ तशाच केल्या. ९ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं. पण ग्यानबाची मेख अशी की चालणं पहिल्या दहा मिनिटांपासून सुरू करायचं, ताजेतवाने असताना. दमल्यावर चाललात तर ते चालणं परत पळू देत नाही.

---

पुणेरी_टोमणा | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:००

चालून पूर्ण केली तर "पळालो" म्हणायचं का "पोचलो"?

---

रिटायर्डहर्ट | २९ ऑक्टोबर, सकाळी ९:०६

तुमच्या आधी पोचलो, एवढं म्हणेन.

---

तर्री_जास्त | २ नोव्हेंबर, सकाळी १०:४५

खाण्यावर कुणी बोलतच नाहीये, हा काय नाशिकचा धागा आहे?

माझा अनुभव. १६ किमीच्या आदल्या रात्री मिसळ खाल्ली. नुसती नाही, रस्सा तीनदा मागून. तेराव्या किमीला मी त्र्यंबक रोडवर ज्या आर्ततेने स्वच्छतागृह शोधलं, तेवढ्या आर्ततेने देव शोधला असता तर आज माझा मठ असता. तेव्हा मिसळ पळून आल्यावर. आधी वरणभात.

पहाटे निघण्याआधी तासभर दोन खजूर, अर्धं केळं, घोटभर चहा. मधे एक तास उलटला की खजुराचा तुकडा किंवा गूळ-शेंगदाण्याची चिक्की. पण चिक्की पळताना चावायचा सराव हवा. माझ्या मित्राला ठसका लागला होता, कूच चिक्कीच्या कणावर अडली.

---

वाटीवाला | २ नोव्हेंबर, दुपारी १:१५

तर्रीसाहेबांच्या मठाला माझी देणगी.

थोडा हिशेब देतो, म्हणजे जेलच्या (पळताना चोखायच्या साखरेच्या) पाकिटांवर उगाच पैसे जाणार नाहीत. पळताना ढोबळमानाने एका किलोला एका किमीला एक कॅलरी लागते. ६२ किलो गुणिले २१, म्हणजे सुमारे १३०० कॅलरी. पोट भरून जेवलेल्या माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण १६०० ते २००० कॅलरींची साखर साठलेली असते, वर चरबी आहेच. म्हणजे हाफमध्ये टाकी कोरडी पडायला नको. तरी नवखे लोक कोसळतात, कारण जोरात पळताना शरीर चरबी सोडून साखरच जास्त जाळतं, आणि स्नायू आंबून जातात ते वेगळंच. कडुलिंबताई नवव्या किमीला बसल्या ते खजूर न खाल्ल्यामुळे नाही. पहिल्या तीन किमीमुळे.

पाणी: तहान लागेल तसं, दोन-तीन घोट. थंडीत वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर बाटली रिचवू नका. नुसतं पाणी खूप प्यायल्याने रक्तातलं सोडियम खाली येतं, ते जास्त धोक्याचं. लांब पळण्याला ओआरएस करून न्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ओतू नका.

---

निफाडकर | ५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

नाशकातल्या लोकांनी थंडीबद्दल बोलू नये असं माझं मत आहे. आमच्याकडे पारा ५-६ वर जातो तेव्हा द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि तुम्ही कॉलेज रोडला जॅकेट घालून आइस्क्रीम खाता.

तरी सांगतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घरातून पळतच निघू नका. आधी पाच मिनिटं भराभर चाला. अंगात जुना स्वेटर घाला, जो गेला तरी चालेल. पळायला लागल्यावर दहा मिनिटांनी पुरतील तेवढेच कपडे. उभं असताना थोडी हुडहुडी भरत असेल तर बरोबर. हातमोजे मात्र घाला, गारठलेल्या बोटांनी नाडी सुटली तर बांधता येत नाही.

---

रिटायर्डहर्ट | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

अवांतर करतो, म्हाताऱ्याला माफ करा.

आज गंगापूर रोडला पोरींचा एक घोळका माझ्या बाजूने असा गेला की वाटलं मी उभाच आहे. आणि आठवली आपल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत प्रीजा श्रीधरनला सुवर्ण, कविताला रौप्य. पंचवीस फेऱ्या पळून दोघींत एका सेकंदाचंही अंतर नव्हतं. ३१ मिनिटं ५१ सेकंद, म्हणजे किमीला ३:११.

मी परवा ट्रॅकवर त्या वेगाने २०० मीटर पळून बघायचं ठरवलं. ३८ सेकंदांत व्हायला हवेत. ५५ लागले आणि नंतर बाकावर बसलो तो पेपरवाला येईपर्यंत.

---

अनवाणी | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

५५ सेकंद घड्याळाशिवाय कसे कळले, काका? ;)

---

कडुलिंब | ७ डिसेंबर, दुपारी १२:५०

बऱ्याच दिवसांनी. १०, १२, १३, १०, १४ सगळे झाले, आणि आज १६! २ तास १४ मिनिटं. घरी येऊन चार पोळ्या खाल्ल्या, त्यावर सासूबाईंचे बेसनाचे दोन लाडू.

पण डाव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतंय. गेल्या आठवड्यापासून पळायला लागलं की दुखतं, दहा मिनिटांनी थांबतं, संध्याकाळी पुन्हा. आज संपताना जरा जास्तच. वाटीवाला, घाबरू का?

---

वाटीवाला | ७ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०

आत्ताच बोटाने दाबून बघा. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर लांबीत सगळीकडे थोडं थोडं दुखतंय, की एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी, बोट ठेवताच कळ येते? दुसरं, त्या एका पायावर उडी मारली तर? तिसरं, रात्री झोपेत दुखतं का?

---

कडुलिंब | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:०२

वीतभर. उडी मारली, थोडं दुखलं, कळ नाही. रात्री नाही दुखत. (मुलगा विचारतोय, हॉलमध्ये लंगडी कशाला?)

---

वाटीवाला | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

मग बहुधा स्नायू-हाडाच्या जोडाची सूज आहे. एका ठिपक्यात कळ आली असती तर हाडाला बारीक तडा असण्याची शंका घेऊन पळणं बंद आणि तपासणी, असं सांगितलं असतं. तशी कळ पुढे कधीही आली तर हाच नियम लागू, स्पर्धेची फी गेली तरी.

सध्या पाच दिवस पळू नका. सायकल चालेल. बर्फ दहा मिनिटं, कापडात गुंडाळून. पुढचा रविवार तसाही १२ चा आहे, तो ८ करा आणि मऊ जागेवर, गोल्फ क्लबच्या मातीवर. बूट किती जुने?

---

कडुलिंब | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

बूट दीड वर्षाचे. चालण्यापासून तेच. तळवा बाहेरच्या बाजूने गुळगुळीत झालाय, आत्ता उलटा करून बघितला.

---

अंजनेरी | ७ डिसेंबर, रात्री ९:१०

आईगं. उद्याच घे नवे, म्हणजे १८ किमीला ते घालून बघता येतील. स्पर्धेच्या आठवड्यात नवे बूट घेणाऱ्यांचे फोड मी बघितलेत. दुकानात संध्याकाळी जा, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. अंगठ्यापुढे आडव्या बोटाची जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नख काळं पडतं. रंग बघू नकोस.

---

कडुलिंब | २१ डिसेंबर, सकाळी ११:२०

१८ झाले. २ तास ३३. नडगी गप्प. बूट जांभळे, कारण मापात तेवढेच होते.

एक गंमत. घड्याळात हृदयाचे ठोके १७० च्या वर दाखवत होते आणि मी आरामात पाढा म्हणत होते. थांबून गळ्याला बोटं लावून मोजले तर १४० च्या आसपास. असं का?

---

अंजनेरी | २१ डिसेंबर, दुपारी ३:००

थंडीत मनगटातल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि घड्याळाखालचे ते हिरवे दिवे ठोक्यांऐवजी तुझी पावलंच मोजायला लागतात. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तुझी. पट्टा घट्ट कर, दोन बोटं वर सरकव. नाहीच जमलं तर पाढा आहेच.

---

अनवाणी | २१ डिसेंबर, दुपारी ३:१२

मी काही बोलत नाही.

---

कडुलिंब | १० जानेवारी, रात्री ८:४०

उद्या. बिब (छातीवरचा नंबर) चार पिनांनी आत्ताच लावून ठेवलाय. हातमोजे, खजुराची डबी, व्हॅसलिन. १८ किमीला काखेत आणि ब्राच्या खालच्या शिवणीवर असं सोललं होतं की आंघोळीचं पाणी पडल्यावर किंचाळले, त्यामुळे ते पहिल्यांदा पिशवीत टाकलं. नवरा आणि मुलगा जुना स्वेटर धरायला येणार. पोटात कालवाकालव आहे.

---

रिटायर्डहर्ट | १० जानेवारी, रात्री ८:५५

झोप लागणार नाही, लागू नये. कालची झोप महत्त्वाची होती. गजर दोन लावा.

---

कडुलिंब | ११ जानेवारी, रात्री ९:३०

चिप टाइम (सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंतची वेळ) २:४८:४३.

आता सविस्तर. सहाला सुरुवात, मिट्ट काळोख, तोंडातून वाफा. नगारे वाजत होते, कुणीतरी माइकवरून ओरडत होतं, आणि सुटल्यासुटल्या सगळी गर्दी अशी धावली की रांगेत गॅस सिलिंडर आलेत. अंजनेरी, तुझा ८:०० मी पहिले दोनशे मीटर विसरले. मग मोठ्याने सुरू केलं, सतरा एके सतरा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नामस्मरण का?" मी म्हटलं, हो, तसंच.

२:४५ चा झेंडा घेतलेला पेसर (त्या वेळेत पोचवायला सोबत पळणारा) आणि त्याची बस ७:४० नेच सुटली. वीस-पंचवीस जण त्याच्या मागे. पोटात तुटलं, पण जाऊ दिलं. दुसऱ्या किमीला त्या एकाच रंगाच्या टीशर्टवाल्यांनी मला पुन्हा मागे टाकलं, पुन्हा आनंदवल्लीलाच. यावेळी मी त्यांच्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघितलं. आजपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं, पण धरणाकडे जाताना हा रस्ता बारीक बारीक चढतच असतो. स्कूटरवरून तो सपाट वाटतो.

५ किमी ४१:१०. सव्वा मिनिट मागे. सोडून दिलं, कारण चढावर पाढ्याच्या दोन ओळी येत नव्हत्या आणि काकांचा कायदा मोठा. नवव्याच्या आसपास उजाडलं. १० किमी १:२१:३०. वळसा घेतला आणि सूर्य सरळ डोळ्यांत! जाताना पश्चिम, येताना पूर्व. एवढे आठवडे याच रस्त्यावर पळाले, पण थंडीमुळे उशिरा निघायचे, ऊन वर आलेलं असायचं. टोपी घरी, दाराच्या मागच्या खुंटीवर. पुढचा दीड तास डोळे बारीक करून पळाले, कपाळ अजून दुखतंय. पायांपेक्षा जास्त.

१५ किमी २:०१:०५. उतार लागला आणि खरंच पाय मोकळे झाले. लोक चालायला लागले होते, मी एकेकाला मागे टाकत होते आणि तोंडावर गंभीर भाव ठेवायचा प्रयत्न करत होते. तिथेच माती खाल्ली. सोळाव्याच्या टेबलावर कप संपले होते, मुलं सरळ बाटल्याच देत होती. मी हातात आली ती अर्धी बाटली घटाघटा प्यायले आणि वेग वाढवला. पाचशे मीटरवर उजव्या बरगडीखाली अशी कळ की वाकले. दोन मिनिटं चालले, बरगडीखाली बोटं दाबून, ओठ मिटून फुंकर मारत. वाटीवाला, तुम्ही "दोन-तीन घोट" लिहिलं होतं, फ्रिजवर आहे.

ती टपरी आज उघडी होती. आल्याच्या चहाचा वास आला. फळकुटावर दोन पोलीस बसले होते.

शेवटी घड्याळ म्हणालं २१.१ झाले आणि कमान अजून लांबच. घड्याळात २१.३४ भरले. त्याच्या मते सरासरी ७:५४, प्रमाणपत्राच्या हिशेबाने ८:००. मी घड्याळाच्या बाजूने आहे.

मुलाने स्वेटर हातात देऊन पहिला प्रश्न विचारला, "सगळे पळूनच ना?"

---

अंजनेरी | ११ जानेवारी, रात्री ९:४८

अगं वेडे! शेवटचे सहा ४७:३८ मध्ये, म्हणजे ७:४९ ने, त्यातली दोन मिनिटं चालून! अंतराचं मनावर घेऊ नकोस, वळणांवर बाहेरून गेलं की जास्त भरतं. मोजणी रस्त्याच्या आतल्या कडेने होते. नखं बघितलीस?

---

कडुलिंब | ११ जानेवारी, रात्री ९:५५

दहाच्या दहा गुलाबी. जांभळे बूट झिंदाबाद.

---

पुणेरी_टोमणा | १२ जानेवारी, सकाळी ८:४०

मनापासून अभिनंदन. टोमणा नाही. (शोधला, सापडला नाही.)

---

रिटायर्डहर्ट | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

वा! सतराच्या पाढ्याचं चीज झालं. उन्हाचं मीच सांगायला हवं होतं, मी बारा महिने टोपी घालतो म्हणून डोक्यात आलं नाही. आता आठवडाभर पळू नका, चाला. आणि जिने?

---

कडुलिंब | १२ जानेवारी, दुपारी १:३०

उलटे उतरतेय, कठड्याला धरून. ऑफिसात लिफ्ट नेमकी बंद आहे. संक्रांतीला हळदीकुंकवाला आठ घरी जायचंय, त्यातली पाच दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर.

---

तर्री_जास्त | १२ जानेवारी, दुपारी १:४१

मिसळ खाल्ली का ते कुणी विचारलंच नाही.

---

कडुलिंब | १२ जानेवारी, दुपारी १:४४

काल साडेदहाला. दोन प्लेट. रस्सा चारदा.

---

नवा_गडी_२२ | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

सगळा धागा वाचून काढला. मला तीन आठवड्यांनी हाफ आहे, मित्राने नाव घातलंय, आत्तापर्यंत जास्तीत जास्त ६ किमी पळालोय. जमेल ना?

---

वाटीवाला | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

मित्राला सांगा, १० किमीत नाव बदलून मिळतं का बघ. बाकीचं नव्या धाग्यावर बोलू.